ईएलटी: विमान पडल्यावर बोलणारा डबा आणि त्याच्या गप्प बसण्याची कारणे

वातकुक्कुट

एखादे विमान बेपत्ता झाल्याची बातमी आली की "ब्लॅक बॉक्सकडून काही सिग्नल मिळतो आहे का?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. या प्रश्नात दोन वेगळ्या यंत्रांची गल्लत झालेली असते. ब्लॅक बॉक्स उड्डाणाची नोंद ठेवतो. जमिनीवर पडल्यावर तो रेडिओवरून कोणालाही हाक मारत नाही. ते काम इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर नावाचा दुसराच डबा करतो, ज्याला आम्ही बोलताना नुसते ईएलटी म्हणतो. तो बहुधा शेपटीच्या बाजूला बसवतात, कारण विमान नाकावर आपटले तरी मागचा भाग त्यातल्या त्यात शाबूत राहतो. विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की हा डबा सहसा वाचतो. तुटते ती त्याच्यापासून अँटेनापर्यंत जाणारी हातभर केबल. हा धागा मुख्यतः त्यासाठी काढला आहे, परंतु तिथपर्यंत जाण्याआधी यंत्राची ओळख करून देणे आवश्यक आहे.

ईएलटीची सक्ती अमेरिकेत आधी झाली आणि तिच्यामागे अलास्कातील एका विमानाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी हेल बॉग्ज आणि निक बेगिच या दोन लोकप्रतिनिधींना घेऊन अँकरेजहून जूनोकडे निघालेले सेसना ३१० वाटेत नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला आणि विमान आजतागायत सापडलेले नाही. ईएलटीचा कायदा १९७० च्या अखेरीसच झालेला होता, मात्र जुन्या विमानांना मुदत दिलेली होती. वैमानिकाचा सोबत बाळगण्याचा छोटा ट्रान्समीटर नंतर फेअरबँक्स येथे एका दुसऱ्याच विमानात आढळला. उपकरण होते, चालू स्थितीतही असेल, पण ज्या विमानात हवे होते त्यात नव्हते. माझ्या धंद्यातील निम्मे धडे या एका वाक्यात येतात.

आता यंत्र कसे जागे होते ते पाहू. आत एक जडत्वावर चालणारा स्विच असतो, ज्याला जी-स्विच म्हणतात. साध्या रचनेत नळीमध्ये स्प्रिंगने रेटून धरलेला धातूचा गोळा असतो. विमान एकाएकी थांबले की गोळा मात्र पुढे जात राहतो, स्प्रिंग दाबली जाते आणि विद्युतसंपर्क जुळतो. नुसता हादरा पुरेसा नसतो, कारण तसे असते तर प्रत्येक आडदांड लँडिंगला यंत्र ओरडू लागले असते. प्रचलित मानकानुसार मंदन सुमारे २.३ जी (म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या २.३ पट) ओलांडून गेले पाहिजे आणि त्या अवधीत वेगात सेकंदाला साधारण १.४ मीटरचा बदल झाला पाहिजे. डब्यावर एक बाण छापलेला असतो आणि तो विमानाच्या पुढच्या दिशेकडे असावा लागतो. उलटा बसवलेला डबा समोरून झालेली धडक ओळखणारच नाही. हेलिकॉप्टर नाकावर पडेल की कुशीवर हे सांगता येत नसल्यामुळे त्यात अनेक दिशांचे धक्के ओळखणारे स्विच वापरतात. याशिवाय कॉकपिटमध्ये हाताने चालू करण्याचे बटण असते, ते वेगळे.

जागे झाल्यावर यंत्र दोन गोष्टी करते. १२१.५ मेगाहर्ट्झवर ते वरून खाली घसरत जाणारा, सायरनसारखा सूर सतत सोडते. हा सूर जवळ आलेल्या शोधपथकासाठी असतो आणि त्याची शक्ती वॅटचा लहानसा अंश इतकीच असते. ४०६ मेगाहर्ट्झवर ते सुमारे ५० सेकंदांनी एकदा ५ वॅट शक्तीचा अगदी लहान संदेश पाठवते, आणि तो उपग्रहांसाठी असतो. या संदेशाचा हिशेब मला फार आवडतो. आधी १६० मिलिसेकंद कोरी लहर जाते, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर पकडता यावा. मग सेकंदाला ४०० बिट या संथ गतीने लांब प्रकारचा १४४ बिटांचा संदेश जातो, त्याला ३६० मिलिसेकंद लागतात. एकूण ५२० मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात देशाचा क्रमांक, त्या विशिष्ट यंत्राची ओळख आणि जीपीएस जोडलेला असल्यास ठिकाण सांगून होते. मग ते पुन्हा ५० सेकंद गप्प. हे ५० सेकंदही काटेकोर नसतात, मुद्दाम थोडे मागेपुढे केलेले असतात, कारण एकाच वेळी सुरू झालेली दोन यंत्रे नेमकी एकाच ठेक्यात बोलू लागली तर दोघांचेही शब्द कायमचे एकमेकांत मिसळतील.

---

शंकेखोर

लेख आवडला, परंतु एक गोष्ट समजली नाही. आपण लिहिता की जीपीएस जोडलेला "असल्यास" ठिकाण कळवले जाते. याचा अर्थ पुष्कळ यंत्रांत तो नसतो. मग केवळ "मी अमुक यंत्र आहे" एवढेच अर्धा सेकंद सांगून गप्प होणाऱ्या डब्याचा ठावठिकाणा उपग्रहाला कसा लागतो? उपग्रहावर दिशा ओळखणारी अँटेना असते काय?

---

लघुलहरी

हौशी रेडिओचा परवाना घेऊन अनेक वर्षे उपग्रहांचे सिग्नल ऐकत आलो आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. दिशा ओळखणारी अँटेना नसते. उपग्रहाच्या स्वतःच्या वेगातूनच ठिकाण काढले जाते, आणि ही युक्ती मला आजही चमत्कारासारखी वाटते.

फलाटावर उभे असताना शिट्टी वाजवत येणारी रेल्वेगाडी समोरून निघून गेली की शिट्टीचा सूर खाली उतरतो, हे सर्वांनी ऐकलेले असते. यालाच डॉपलर परिणाम म्हणतात. येथे शिट्टी वाजवणारा जमिनीवर स्थिर आहे आणि ऐकणारा सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने वरून जात आहे. खालच्या कक्षेतील उपग्रह जवळ येत असताना त्याला ४०६ मेगाहर्ट्झचा सिग्नल अंदाजे ९ किलोहर्ट्झने चढा ऐकू येतो आणि दूर जाताना तेवढाच उतरलेला. मधल्या ज्या क्षणी तो मूळ वारंवारितेवर येतो, त्या क्षणी उपग्रह यंत्राच्या सर्वांत जवळ असतो. उपग्रह तेव्हा कोठे होता हे ठाऊक असल्यामुळे ठिकाणाची एक रेषा मिळाली. आता सूर किती झटकन उतरला ते पाहायचे. यंत्र मार्गाच्या जवळ असेल तर उतार एकदम तीव्र असतो, फलाटाच्या कडेला उभे राहिल्यावर शिट्टी जशी कानाशी एकदम बदलते तसा. यंत्र मार्गापासून दूर असेल तर तो सावकाश उतरतो, दूरच्या शेतात उभे राहून ऐकल्यासारखा. उताराच्या तीव्रतेवरून अंतर मिळते. डोक्यावरून जाणारा उपग्रह क्षितिजापासून क्षितिजापर्यंत साधारण १५ मिनिटे दिसतो, म्हणजे ५० सेकंदांच्या ठेक्याने १८ च्या आसपास संदेश हाती लागतात आणि त्या ठिपक्यांतून ही वक्ररेषा काढली जाते.

यात एक गंमत आहे. अंतर कळले तरी ते मार्गाच्या डावीकडे की उजवीकडे हे कळत नाही, म्हणून प्रत्येक फेरीतून दोन उत्तरे निघतात. पृथ्वी स्वतः फिरत असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या वक्ररेषा किंचित वेगळ्या पडतात आणि त्यावरून बरोबर बाजू ओळखण्याचा प्रयत्न होतो. त्याने नक्की झाले नाही तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. या गणितासाठी यंत्राचा मूळ सूर अतिशय स्थिर असणे आवश्यक आहे. शिट्टी वाजवणाराच बेसूर असेल तर उतार त्याचा की उपग्रहाच्या वेगाचा हे कसे ठरवणार?

हे सारे ज्या व्यवस्थेतून चालते तिचे नाव कोस्पास-सारसॅट. शीतयुद्ध चालू असताना १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून ती उभारण्याचे ठरवले. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाने ३० जून १९८२ रोजी सोडला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात पडलेल्या एका लहान विमानातील तिघेजण त्याच्या मदतीने वाचले. त्या वेळी मुख्यतः १२१.५ मेगाहर्ट्झच ऐकले जात होते आणि त्याची मर्यादा मोठी होती. उपग्रह तो आवाज फक्त आरशासारखा खाली परतवत असे. त्याच क्षणी खालचे केंद्रही उपग्रहाच्या दृष्टीत नसेल तर हाक हवेत विरून जाई. भर समुद्रात असे वारंवार घडणे अटळ होते. ४०६ चा संदेश उपग्रह स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि केंद्र दिसले की सांगतो.

अचूकतेतील फरक क्षेत्रफळात मोजला की लक्षात येतो. १२१.५ चे उत्तर साधारण २० किलोमीटरच्या त्रिज्येत येत असे, म्हणजे १,२५० चौरस किलोमीटरहून मोठे वर्तुळ. ४०६ चे उत्तर ५ किलोमीटरच्या आत येते, म्हणजे सुमारे ७८ चौरस किलोमीटर. जीपीएसचे ठिकाण संदेशातच असेल तर शोध एखाद्या मैदानापुरता उरतो. ३६,००० किलोमीटरवरील भूस्थिर उपग्रहांना मात्र ही शिट्टीची युक्ती उपयोगी नाही, कारण ते जमिनीच्या दृष्टीने हलतच नाहीत. ते हाक ताबडतोब ऐकतात, पण ठिकाण संदेशात नसेल तर सांगू शकत नाहीत. अलीकडे जीपीएस, गॅलिलिओ आणि ग्लोनास या स्थाननिर्देशन व्यवस्थांच्या मध्यम कक्षेतील उपग्रहांवरच हे संदेश ऐकणारे रिसीव्हर बसवले आहेत. एकच संदेश अनेक उपग्रहांना किंचित वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या वारंवारितेवर ऐकू येतो, त्यामुळे फेरी पूर्ण होण्याची वाट न पाहता काही मिनिटांत ठिकाण निघते.

---

निरभ्र

लघुलहरी यांनी १२१.५ ची मर्यादा सांगितली, पण तिचा खरा रोग निराळा होता असे मला वाटते. त्या सुरात ओळख नव्हती. सूर आला एवढेच कळे; विमानाचा, जहाजाचा की बिघडलेल्या एखाद्या उपकरणाचा, हे कळण्यास मार्ग नव्हता. २००४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात एका विद्यार्थ्याच्या घरातील दूरचित्रवाणी संच बिघडून नेमक्या याच वारंवारितेवर लहरी सोडू लागला आणि उपग्रहाने सूर पकडल्यावर शोधपथक त्याच्या दारात उभे राहिले. खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण इतके प्रचंड होते की १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणे बंद केले. तरीही जुनी, केवळ १२१.५ वर बोलणारी यंत्रे कित्येक लहान विमानांत अजून बसवलेली आहेत. त्यांचा आवाज आता वरून जाणाऱ्या एखाद्या वैमानिकाने ऐकला तरच ऐकला.

म्हणूनच लहान विमाने उडवणाऱ्या आम्हा लोकांना एक सवय लावली जाते. विमान उभे करून इंजिन बंद करण्यापूर्वी रेडिओ १२१.५ वर लावायचा आणि काही क्षण कान द्यायचा. शांतता असेल तर आपल्या शेपटीतील डबा झोपलेला आहे. एकदा मी स्वतः हे विसरलो. लँडिंग जरा जोराचे झाले होते, प्रवासी हसत उतरले, मी कागद भरले आणि घरी गेलो. रात्री साडेअकरा वाजता दूरध्वनी आला आणि पलीकडच्या व्यक्तीने अत्यंत सौम्य शब्दांत विचारले, "आपले विमान या क्षणी कोठे आहे, हे सांगता येईल का?" मी म्हणालो, हँगरमध्ये. "मग कृपया जाऊन त्याला गप्प करा." ४०६ चे वैशिष्ट्य असे की यंत्राची नोंदणी केलेली असेल तर पथक पाठवण्याच्या आधी असा एक दूरध्वनी करता येतो. नोंदणी नसती तर रात्री कोणीतरी हेलिकॉप्टर घेऊन माझ्या निष्काळजीपणाच्या शोधात निघाले असते.

---

वातकुक्कुट

निरभ्र यांचा अनुभव वाचून हसू आले, कारण त्या दूरध्वनीनंतरचे काम आमच्याकडे येते. हँगरमध्ये दहा विमाने दाटीवाटीने उभी असली आणि त्यांपैकी एक ओरडत असले की ते ओळखणे वाटते तितके सोपे नसते. पत्र्याच्या भिंतींवरून लहरी परततात आणि हातातील रेडिओवर सूर सगळीकडे सारखाच मोठा लागतो. अशा वेळी प्रथम रेडिओची अँटेना काढून टाकायची. तरीही आवाज भरभरून येत असेल तर रेडिओ मुद्दाम शेजारच्या, म्हणजे १२१.६ च्या आसपासच्या वारंवारितेवर सरकवायचा, म्हणजे अगदी जवळचाच सिग्नल त्यात शिरू शकतो. मग रेडिओ छातीशी धरून जागच्या जागी सावकाश गिरकी घ्यायची. आपल्या शरीराने लहर अडते. ज्या दिशेला पाठ केल्यावर आवाज सर्वांत मंद होतो, यंत्र त्या बाजूला, म्हणजे पाठीमागे असते. मी असाच एकदा अर्धा तास विमानांमधून गिरक्या घेत फिरलो आणि शेवटी सूर विमानातून नव्हे तर कोपऱ्यातील एका फळीवरून येत असल्याचे आढळले. बॅटरी बदलण्यासाठी काढलेला डबा कोणीतरी स्विच चालू राहिलेल्या अवस्थेत तेथे ठेवून दिला होता.

नोंदणीविषयी एक भर घालतो. विमान विकले जाते, दुसऱ्या देशात जाते, मात्र डब्यात लिहिलेली ओळख जुनीच राहते. अशा विमानाचा इशारा आला की ज्याने ते कधीच विकून टाकले आहे त्याला दूरध्वनी जातो, किंवा जुन्या देशाच्या केंद्राकडे संदेश जातो आणि तेथून पत्ता शोधण्यात वेळ जातो. डबा नव्याने प्रोग्राम करणे हे तासाभराचे काम आहे, पण ते विमानविक्रीच्या कागदपत्रांत कोणाच्याच लक्षात येत नाही.

आता केबलकडे वळतो. ९ ऑगस्ट २०१० रोजी अलास्कातच अलेक्नागिक या गावाजवळ एक टर्बाइन ऑटर विमान डोंगरावर आदळले. माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्यासह पाचजण मरण पावले आणि चारजण जखमी अवस्थेत वाचले. विमानात ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र होते, धडकेने ते जागेही झाले होते, परंतु ते आपल्या बैठकीतून निसटून अँटेनापासून वेगळे झाले होते आणि एकही सिग्नल बाहेर पोहोचला नाही. विमान परतले नाही हे लोकांच्या लक्षात आले म्हणून इतर विमानांनी शोधून काढले, आणि ते सापडूनही खराब हवामानामुळे जखमींना रात्र तेथेच काढावी लागली. डबा बसवलेला होता तो खरखरीत आणि मऊ अशा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवण्याच्या पद्धतीने, म्हणजे ज्याला आपण वेल्क्रो म्हणतो त्याने. अशी पट्टी ताजी असताना घट्ट असते. काही वर्षांत ती धूळ, तेल आणि उघडझाप यांनी सैल होते आणि किती घट्ट बांधायची हे प्रत्येक तंत्रज्ञाच्या मनगटावर अवलंबून राहते. नव्या यंत्रांच्या मानकात या पट्ट्यांना पुढे मज्जाव करण्यात आला.

पट्टी घट्ट असली तरी अँटेना विमानाच्या पाठीवर असते. विमान उलटले की ती मोडते, किंवा पाठ जमिनीला टेकल्यामुळे झाकली जाते. केबल विमानाच्या बाहेरच्या पत्र्याखालून जाते आणि धड जेथे दुमडते तेथेच ती अनेकदा कापली जाते. यात आणखी एक दुर्दैवाचा मुद्दा आहे. जुन्या रचनेत यंत्र जागे झाल्यावर ४०६ चा पहिला संदेश सुमारे ५० सेकंदांनी निघतो, म्हणजे चुकून चालू झालेले यंत्र बंद करण्यास सवड मिळावी. खऱ्या अपघातात त्याच ५० सेकंदांत आग अँटेनाच्या केबलपर्यंत पोहोचू शकते. नव्या मानकांत ही वाट काही सेकंदांवर आणली आहे, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतील ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. उपग्रहांच्या नव्या पिढीहूनही.

---

लघुलहरी

शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. पहिला संदेश लवकर निघाला, तरी तो ऐकणारा उपग्रह त्या क्षणी आकाशात असला पाहिजे. खालच्या कक्षेतील मोजक्या उपग्रहांच्या जमान्यात पाचव्या सेकंदाला निघालेली हाक बहुधा रिकाम्या आकाशातच गेली असती. मध्यम कक्षेतील उपग्रह सतत वर असतात म्हणून तर त्या घाईला अर्थ आला.

---

वातकुक्कुट

हे मान्य. माझे वाक्य कार्यशाळेतून लिहिलेले होते, तुमचे आकाशातून.

---

शंकेखोर

डॉपलरचे स्पष्टीकरण उत्तम होते, आभारी आहे. आता मूळ शंकेकडे येतो, जी बहुतेक वाचकांच्या मनात असेल. ८ मार्च २०१४ रोजी नाहीशा झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० मध्ये असे एक नव्हे, चार ट्रान्समीटर होते असे वाचले आहे. चारांपैकी एकाचाही आवाज येऊ नये, यात काही गूढ नाही काय?

---

लघुलहरी

मला त्यात गूढ दिसत नाही, पाणी दिसते. रेडिओलहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. ४०६ मेगाहर्ट्झची लहर काही सेंटिमीटर आत गेली की उरतच नाही. त्या चारांपैकी एक यंत्र विमानाच्या धडाला पक्के बसवलेले होते, एक हाताने उचलून नेण्याचे होते आणि दोन यंत्रे तराफ्यांच्या सोबत होती. पहिले यंत्र धडकेने सुरू झाले, तरी धड बुडताच गप्प होणार. उरलेली तिन्ही माणसांच्या हातून किंवा तराफा पाण्यावर उघडल्यावर उपयोगी पडण्यासाठी असतात. विमान वेगाने पाण्यावर आदळून फुटले असेल तर तराफा उघडणारे कोणी उरत नाही. १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ चाही ईएलटी सिग्नल आला नव्हता.

पाण्याखाली हाक मारायची तर ती आवाजाने मारावी लागते. ब्लॅक बॉक्सला एक छोटे नळकांडे जोडलेले असते. ते पाणी लागताच ३७.५ किलोहर्ट्झवर सेकंदाला एक याप्रमाणे टिकटिक करू लागते. त्याची मुदत पूर्वी ३० दिवसांची होती आणि ४४७ च्या वेळी त्या ३० दिवसांत ते कोणालाच ऐकू आले नाही. नोंदयंत्रे सापडली ती जवळपास दोन वर्षांनी, २०११ मध्ये, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर. त्यानंतर ही मुदत ९० दिवसांवर नेण्यात आली, आणि समुद्रावरून लांब जाणाऱ्या विमानांच्या धडाला ८.८ किलोहर्ट्झचे, अधिक दूरवर ऐकू येणारे दुसरे नळकांडे जोडण्याचा नियम झाला. सूर जितका खर्जातला, तितका तो पाण्यात लांब जातो.

---

वातकुक्कुट

लघुलहरी यांच्या उत्तराला जोडून सांगतो. या दोन अपघातांतून खरा बदल झाला तो वेगळाच: धडकेची वाट पाहायचीच नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार २७,००० किलोग्रॅमहून जड आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पहिले उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळालेल्या विमानांनी संकटात असताना किमान दर मिनिटाला आपले ठिकाण आपोआप कळवले पाहिजे. हे करण्याचा एक मार्ग म्हणजे उड्डाणातच बोलू लागणारा ईएलटी. विमान विचित्र कोनात कलले, उंची झपाट्याने गमावू लागले, जमिनीकडे धोकादायक वेगाने जाऊ लागले किंवा सर्व इंजिनांचा जोर गेला, की तो जागा होतो आणि सुरुवातीला दर ५ सेकंदांनी ठिकाण सांगू लागतो. विमान सावरले तर तो "इशारा मागे घेत आहे" असा संदेशही पाठवतो. केबल तुटण्याच्या आधीच शेवटचे ठिकाण सांगून झालेले असते, हे मला त्यातील सर्वांत शहाणपणाचे वाटते. कॉकपिटमधून तो बंद करता येऊ नये अशीही अट आहे, आणि ती अट कोणत्या घटनेमुळे आली हे वेगळे सांगायला नको.

मात्र लहान विमानांना हे काहीच लागू नाही. साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून एका लहान विमानाने निघाले आणि परतले नाहीत. वर्षभरानंतर एका गिर्यारोहकाला त्यांची ओळखपत्रे सापडली, तेव्हा कुठे कॅलिफोर्नियाच्या डोंगरात अवशेष मिळाले. त्यांच्या विमानात जुने १२१.५ चे यंत्र होते आणि धडकेत त्याचा चुराडा झाला होता. केबलबद्दलचे माझे मत येथे लागू पडत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. काही धडकांपुढे डबाही टिकत नाही.

---

निरभ्र

डब्याच्या दुसऱ्या बाजूविषयीही लिहायला हवे. उणे तापमानात, वर्षानुवर्षे न वापरता पडून राहून, हाक आल्यावर २४ तास ५ वॅटचे संदेश पाठवायचे तर लिथियमच्या बॅटरीला पर्याय जवळजवळ नाही. १२ जुलै २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इथिओपियन एअरलाइन्सचे एक बोइंग ७८७ रिकामे उभे असताना त्याच्या शेपटीजवळ छतात आग लागली. ब्रिटिश तपासकांना तिचे मूळ ईएलटीच्या लिथियम-मँगनीज डायऑक्साइड बॅटरीत सापडले. बॅटरीच्या तारा झाकणाखाली एकमेकींवर येऊन चेपल्या गेल्या होत्या, त्यातून शॉर्ट सर्किट झाले आणि एकापाठोपाठ एक घट (सेल) तापत गेले. विमान हवेत असते तर काय झाले असते हा विचार अस्वस्थ करणारा आहे. डबा बसवताना अँटेनाच्या केबलइतकीच झाकणाखालच्या दोन तारांचीही काळजी घ्यावी लागते, एवढे वातकुक्कुट यांच्या यादीत जोडावे.

---

पायवाट

नवी सदस्य आहे. मी विमानाशी संबंधित नाही, डोंगरात भटकते, पण मैत्रिणीच्या दोन आसनी विमानातून अधूनमधून जाते. माझ्याकडे गिर्यारोहणासाठीचा खिशात मावणारा ४०६ चा बीकन आहे. विमानात ईएलटी असताना तो सोबत ठेवण्यात काही अर्थ आहे का, आणि तो मी घरी चालू करून तपासला तर चालेल का?

---

वातकुक्कुट

पायवाट, स्वागत आहे. तो अवश्य सोबत ठेवा, आणि पाठपिशवीत न ठेवता अंगावर ठेवा. विमान सोडून बाहेर पडावे लागले तर अंगावर असेल तेवढेच आपल्यासोबत येते. पाठपिशवी मागच्या जागेत राहून जाते. खिशातील बीकनला जी-स्विच नसतो, त्यामुळे तो हातानेच चालू करावा लागतो, म्हणून आपल्याशिवाय मैत्रिणीलाही तो कसा उघडायचा हे दाखवून ठेवा. मात्र त्याची अँटेना पूर्ण उघडून आकाशाकडे उभी धरता येते आणि मध्ये तुटायला केबल नसते, ही त्याची मोठी बाजू आहे.

घरी पूर्ण चालू करून मात्र पाहू नका. १२१.५ च्या जुन्या यंत्रांसाठी काही देशांत प्रत्येक तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत तीन सुरांपुरती चाचणी घेण्याची मुभा असे. ४०६ ला अशी कोणतीही वेळ नाही, कारण उपग्रहाला तुमची चाचणी आणि तुमचे संकट यांतील फरक कळत नाही. त्यासाठी यंत्रावर वेगळे चाचणीचे बटण दिलेले असते. ते दाबले की यंत्र मुद्दाम निराळ्या खुणेने सुरू होणारा एकच संदेश पाठवते, आणि तो उपग्रहव्यवस्था दुर्लक्षित करते. बटण दाबण्यापूर्वी बाजूच्या पट्टीवर छापलेली बॅटरीची अंतिम तारीख वाचा आणि नोंदणीत दिलेला दूरध्वनी क्रमांक अजून आपलाच आहे ना, तेही पाहून घ्या.

---

पायवाट

आत्ताच पाहिले. बॅटरीला अजून दोन वर्षे आहेत. नोंदणीतला क्रमांक मी तीन वर्षांपूर्वी सोडलेला निघाला. आज रात्रीच बदलते.